कॅमेऱ्याबद्दल, आणि थोडं माझ्या कामाबद्दलही

पुणे, रविवार

तीर्थरूप आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

दादाने वाईच्या घरात कॅमेरे बसवायचा घाट घातलाय आणि "तू यातलीच ना, तूच सांग काय ते" म्हणून बाबा, तुम्ही निकाल माझ्यावर सोडलात. फोनवर हे नीट बोलणं होत नाही. तुम्ही स्पीकर लावता, आई मध्येच कुकर बंद करायला उठते आणि विषय भाजीवर जातो. म्हणून लिहितेय.

माझं काम म्हणजे "मोबाइलचं काहीतरी" असं तुम्ही नातेवाइकांना सांगता. चालेल, पण ते पूर्ण खरं नाही. कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीची पार्क नावाची प्रयोगशाळा होती. तिथल्या मार्क वाइझर यांनी १९९१ मध्ये एक लेख लिहिला: पुढे एकेका खोलीत शेकडो संगणक असतील, काही बोटभर, काही वहीएवढे, काही फळ्याएवढे, आणि ते आहेत हे कुणाच्या ध्यानातही राहणार नाही. तेव्हा आपल्याकडे टेलिफोनसाठी नंबर लावून वाट बघावी लागायची! त्याच प्रयोगशाळेत नॅटली जेरेमिजेन्को या कलावतीने छताला प्लॅस्टिकची लांब दोरी टांगली होती. नेटवर्कच्या तारेतून माहितीची वर्दळ वाढली की छोटी मोटर ती दोरी गरगर फिरवायची, वर्दळ कमी झाली की दोरी नुसती थरथरायची. पडदा नाही, आकडे नाहीत. काम करता करता डोळ्याच्या कोपऱ्यातून कळायचं. आमचा गट अशाच वस्तूंवर काम करतो. त्या लोकांच्या घरात, मंडळात, शाळेत कशा रुळतील, आणि मुळात त्या हव्यात का, हे बघतो. दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे.

तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळचं कामही आधी झालंय. अमेरिकेत जॉर्जिया टेक विद्यापीठातल्या एलिझाबेथ मायनॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये एक फोटोफ्रेम मांडली. म्हातारी आई एका गावी, मुलगा दुसऱ्या. मुलाच्या घरी आईचा फोटो, आणि चौकटीभोवती गेल्या २८ दिवसांची फुलपाखरं. आईच्या घरातले सेन्सर तिची हालचाल टिपणार. वावर जास्त तर त्या दिवसाचं फुलपाखरू मोठं, कमी तर लहान. ती काय करते, कुणाशी बोलते, काही दिसत नाही. नुसतं कळतं की नेहमीसारखं चाललंय.

दादाच्या कॅमेऱ्यापेक्षा हे कितीतरी बरं. तरी मला त्यात एक गोष्ट खटकते: मुलगा आईकडे बघतो, आई मुलाकडे नाही. तो रात्री दोनला जागा आहे, सलग तीन दिवस बाहेरचं खातोय, हे तिला कोण सांगणार? काळजी दोन्हीकडून असते, मग यंत्र एका बाजूलाच का? बाबा, तुम्ही हसाल, पण या एका प्रश्नावर आमची तासन्‌तास भांडणं होतात.

आता आईचं. मंगळवारी तुझ्याकडे भजनी मंडळ जमतं. अभंग झाले की चहा, आणि चहाबरोबर सुनांच्या, सासवांच्या, गुडघ्यांच्या गोष्टी. हॉलमध्ये कॅमेरा लागला की त्या बाया दादाच्या फोनमध्ये बंगळुरूला पोचणार. त्यांना कुणी विचारलंय? कॅमेरा "आपल्या घरात" आहे म्हणून तो फक्त आपला प्रश्न होत नाही.

हे सांगताना मला जात्यावरच्या ओव्या आठवतात. पुण्यात राहून गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. गिरण्या आल्या, दळायचं जातं कोपऱ्यात गेलं आणि ओवी म्हणायचं निमित्तच गेलं. पहाटेच्या अंधारात, पुरुष झोपलेले असताना बायकांनी माहेर, सासर, नवरा, जात, विठ्ठल असं सगळं त्यात ओतलं होतं. चारचौघात यातलं किती बोलता आलं असतं? आज त्यातल्या कितीतरी 'पारी' या ग्रामीण भारतावरच्या ऑनलाइन संग्रहात ऐकायला मिळतात, आणि गाणारीचं नाव, गाव सोबत असतं. तंत्र तिथेही आहेच, टेपरेकॉर्डर आहे, संगणकावरची यादी आहे. पण आधी कुणीतरी जाऊन बसलं, विचारलं, आणि मग यंत्र सुरू केलं. मला हाच क्रम पटतो.

पाबळच्या विज्ञान आश्रमाबद्दल बाबा, तुम्हीच मला पहिल्यांदा सांगितलं होतंत. डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेला. तिथे २००२ मध्ये फॅब लॅब आली, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी हवी ती वस्तू बनवायची कार्यशाळा; अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाबाहेरच्या अगदी पहिल्यांपैकी. यंत्र विकत आणून बसवायचं नाही, आपली अडचण आपण सोडवायची, हाताने करून शिकायचं, ही तिथली रीत. आमच्या क्षेत्रात "लोकांसाठी" बनवणारे पैशाला पासरी आहेत, लोकांना बरोबर घेऊन बनवणारे थोडे.

तर माझं मत. दाराबाहेर, फाटकाकडे तोंड करून एक कॅमेरा लावा. कुरिअरवाला कोण आलाय ते तुम्हालाच दिसेल. घरात नको. दादाची काळजी खरी आहे, बाबांच्या चक्कर येण्यानंतर तो घाबरलाय, हे मलाही कळतं. पण हॉलमधल्या कॅमेऱ्याने चक्कर थांबत नाही. न्हाणीघरात धरायला दांडा बसवा, तिथे तर कॅमेरा लागणारच नव्हता.

आणि एक गोष्ट करून बघूया, पटली तर. दोन दिवे: एक तुमच्या देवघराशेजारी, एक माझ्या टेबलावर. आत वाय-फायची चिमुकली पट्टी, काहीशे रुपयांची. तुम्ही हात लावलात की माझा लागेल, मी लावला की तुमचा. कोण कधी उठलं याची नोंद कुठेही ठेवायची नाही, बंद करायचं बटण तुमच्याच बाजूला. फक्त एक आत्ताच सांगते: वीज गेली किंवा इंटरनेट बसलं तर दिवा लागणार नाही, त्यावरून कुणी घाबरून शेजाऱ्यांना पळवायचं नाही. दादालाही तिसरा देऊ. म्हणजे तो किती वाजता झोपतो ते आईला कळेल आणि मग कॅमेऱ्याचा आग्रह आपोआप सैल होईल असा माझा अंदाज आहे.

दिव्याचा आकार आईने ठरवायचा. पितळी समईसारखा हवा असेल तर तसं सांग, बोहरी आळीत बघते. दादाशी मी बोलेन, पण तुमचं ठरल्यावर. तुमच्या दोघांचं एकमत झालं नाही तर तेही कळवा, बाबांनी परस्पर "आमचं ठरलं" म्हणायचं नाही.

तुमची,
मनू