चिल्काचे पक्षी सातपाड्याला शोधू नका

महोदय,

हिवाळ्यात आपल्याकडून पुरीला जाणारे बरेच जण पक्षी पाहायचे म्हणून ओडिशातल्या चिल्का सरोवराकाठच्या सातपाड्याची मोटारबोट धरतात आणि हिरमुसून परततात. ते ठिकाण डॉल्फिनचे! चिल्काचे पक्षी पाहायचे तर खुर्दा रोडला उतरून तांगीमार्गे मंगळाजोडी हे गाव गाठावे. तिथे नाव बांबूने रेटतात, इंजिन नसते. म्हणूनच काळ्या शेपटीचे गॉडविट (लांब चोचीचे पाणपक्षी) वीस-पंचवीस फुटांवर निवांत चिखलात चोच खुपसत राहतात. डिसेंबर-जानेवारीत, सकाळची पहिली फेरी घ्यावी. दुर्बीण ८ बाय ४२ची (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरे. जास्त शक्तीची घेतली की नावेत चित्र थरथरते. फोटोसाठी थवा उडवायला नावाड्याला सांगू नये (नवेगावबांधलाही हेच लागू). पक्ष्यांनी परतीच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी त्यात फुकट जळते. चिल्कातल्या नलबाण बेटावर तर उतरायलाच बंदी आहे.

– काही पक्षिनिरीक्षक, अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया