गहू सोडणाऱ्यांवरच्या तुझ्या रागाबद्दल

बार्शी,
10 जानेवारी 2026

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू बोललीस ते सगळं ऐकलं, पण नीट उत्तर देता आलं नाही. गिरणी चालू होती, समोर दळणाची रांग होती, आणि अशा गोष्टी ओरडून सांगायच्या नसतात. म्हणून आज सावकाश लिहायला बसलो आहे.

तुझा राग मला कळतो. तुला सीलिअ‍ॅकचा आजार, ग्लुटेन म्हणजे गव्हातलं ते चिकट प्रथिन तुला जरासुद्धा चालत नाही. तुझ्या ऑफिसातली ती मुलगी हौसेनं ग्लुटेन-फ्री खाते, शनिवारी मात्र पिझ्झा खाते. तिला चालतं म्हणून कँटीनवाला तुझ्या सॅलडमधले ब्रेडचे तुकडे हाताने वेचतो आणि तेच ताट पुन्हा तुझ्यापुढे सरकवतो. "त्या मॅडमना चालतं की." त्यानंतर तू पोट धरून खोलीवर पडून होतीस, हे ऐकून तुझी आई रात्रभर झोपली नाही. पण पुढे तू म्हणालीस की असल्या फॅशनवाल्यांमुळेच आपल्याला कुणी खरं मानत नाही. ते मला पटलेलं नाही, आणि न पटलेलं मनात ठेवून तुझ्याशी बोलणं मला जमत नाही.

तुझं निदान 2009 साली झालं. तेव्हा आपल्या गल्लीत ग्लुटेन हा शब्द कुणी ऐकलाही नव्हता. फॅशन करणार कोण? तरीही तुला कुणी खरं मानत होतं का? तुला आठवत असेल, नात्यातल्या एका घरी सत्यनारायण होता आणि तू शिऱ्याला हात लावला नाहीस. आईने सांगून पाहिलं. तरी एका बाईंनी चमचाभर शिरा तुझ्या तोंडाजवळ धरला. "देवाचा प्रसाद आहे, एवढ्याशाने काय होतंय?" तू ओठ घट्ट मिटून उभी राहिलीस आणि तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. सात वर्षांची होतीस. शाळेत डब्यातली भाकरी बघून मुलं काय म्हणायची ते तू आम्हाला फार नंतर सांगितलंस. दुसऱ्याच्या पोटातलं आपल्याला कळतं, ही समजूत लोकांत फार जुनी आहे. त्या कँटीनवाल्याला ती या मुलीकडून मिळालेली नाही. तिने फक्त त्याच्या हातात एक निमित्त दिलं.

त्या आधीची दोन-तीन वर्षं तुला आठवणार नाहीत. पोट नगाऱ्यासारखं, हातपाय काड्या, उंची खुंटलेली. जंताची औषधं झाली, लोहाची टॉनिकं झाली, रक्त काही वाढेना. हा आजार पंजाब-हरियाणाकडचा, आपल्याकडे ज्वारी-भाताच्या मुलखात कुठून येणार, असंच बहुतेकांना वाटायचं. ते अगदी निराधार नव्हतं. भारताच्या तीन भागांत झालेली एक पाहणी 2016 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात उत्तरेकडे शंभरात एकाहून थोड्या जास्त लोकांच्या रक्तात या आजाराच्या खुणा सापडल्या, दक्षिणेत हजारात एकाच्या. पण हजारात एक म्हणजे शून्य नव्हे ना! शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी टीटीजीची, म्हणजे रक्तात या खुणा शोधायची, तपासणी सांगितली. मग दुर्बिणीतून लहान आतड्याच्या सुरुवातीचे तुकडे काढून तपासले.

त्यांनी कागदावर चित्र काढून मला समजावलं, आणि मी गिरणीवाला असल्यामुळे ते लगेच डोक्यात शिरलं. आतड्याला आतून बारीक बारीक उंचवटे असतात, अन्नातलं सत्त्व तेच ओढून घेतात. गव्हातलं, सातूतलं ग्लुटेन पोटात गेलं की तुझ्या शरीराची प्रतिकारशक्ती उलट त्या अस्तरावरच तुटून पडते आणि उंचवटे झिजून सपाट होतात. टाकीने पाडलेल्या खाचा झिजलेल्या दगडाखालून दाणा न दळता तसाच निसटतो, तसं. आई काय काय करून घालत होती, आणि तुझ्या अंगी काही लागत नव्हतं, त्याचं कारण हे.

म्हणूनच ते ब्रेडचे तुकडे वेचणं मला इतकं लागलं. रोज 50 मिलीग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेलं तर तुझ्यासारख्याचं आतडं पुन्हा बिघडतं, हे तपासून पाहिलेलं आहे. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये साधारण दोन ग्रॅम असतं. म्हणजे एका स्लाइसचा चाळिसावा भाग. तो डोळ्यांना दिसत नाही आणि वेचताही येत नाही. त्या दिवशी चूक झाली ती वेचणाऱ्याची, आणि तुझ्या जेवणाचा निर्णय तुला न विचारता घेणाऱ्याची.

आता त्या मुलीचं. तू म्हणालीस, तिला काहीही झालेलं नाही, नुसतं नाटक आहे. तुला हे कसं कळलं? ती म्हणते गहू सोडला की पोट हलकं वाटतं. माझ्याकडे दळणाला येणाऱ्या कितीतरी बायका हेच म्हणतात, आणि मी त्यांना खोटं म्हणत नाही. हा आजारच मुळी असल्या अनुभवातून उलगडला. हॉलंडमध्ये डिके नावाचे मुलांचे डॉक्टर होते. ब्रेडमुळे काही मुलं आजारी पडतात असा संशय त्यांना आधीपासून होता. 1944-45 च्या हिवाळ्यात जर्मनांनी तिथली रसद तोडली, पाव मिळेनासा झाला, लोक ट्यूलिपचे कंद खाऊन जगले. त्या उपासमारीत बाकी मुलं खंगत होती, पण या आजाराची मुलं सुधारली. पाव परत आला आणि ती पुन्हा ढासळली. डिके यांनी यावर अभ्यास करून 1950 साली प्रबंध लिहिला. त्याआधी अमेरिकेत हास नावाचे डॉक्टर अशा मुलांना केळ्यांवर ठेवत. मुलं बरी व्हायची आणि श्रेय केळ्याला जायचं. गहू बंद झाला होता, तिकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

आणि हा आजार नसतानाही गव्हाने त्रास होऊ शकतो. नॉर्वेत ऑस्लोला 2018 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. आपल्या मनाने गहू सोडलेल्या 59 जणांना आळीपाळीने तीन तऱ्हेच्या वड्या खायला दिल्या, कुठलीत काय आहे ते न सांगता. ग्लुटेनच्या वडीने विशेष काही झालं नाही. फ्रुक्टन नावाची साखरेच्या जातीची एक गोष्ट गव्हात असते, कांद्या-लसणातही असते. तिच्या वडीने त्रास जास्त झाला. म्हणजे त्या लोकांचं दुखणं खरं होतं, त्यांनी लावलेलं नाव चुकलं होतं. त्या मुलीचं असं काही असेल तर शनिवारचा पिझ्झा तिला थोडा जड जात असेल, पण तुझ्यासारखं तिचं आतडं झिजणार नाही. तिला ती सूट आहे, तुला नाही. याचा तुला हेवा वाटत असेल तर तोही मला समजतो, पोरी.

एक मात्र तिला तू सांगायलाच हवं, आणि ते तुझ्याइतकं चांगलं कुणी सांगू शकणार नाही. तपासणीच्या आधी गहू पूर्ण सोडायचा नसतो. सोडला की रक्तातल्या खुणा हळूहळू जातात, आतडंही भरून येतं, आणि मग खरा आजार असूनही रिपोर्ट चांगला येतो. उद्या तिच्यात हाच आजार निघाला तर? ती आठवड्यातून एकदा पिझ्झा खात राहील, रक्त कमी होत जाईल, हाडं ठिसूळ होतील, आणि "मी तर ग्लुटेन-फ्रीच खाते" म्हणून कुणाच्या ध्यानातही येणार नाही. तिला चिडून नको सांगूस. आपली आतापर्यंतची सगळी फरफट सांग. डॉक्टरला विचारून काही आठवडे पोळी चालू ठेव आणि मग टीटीजी कर म्हणावं. घरात कुणाला हा आजार आहे का तेही विचार. सख्ख्या नात्यात दहात एकाला तो निघू शकतो, म्हणून तर आपण ओंकारची तपासणी केली होती.

फॅशनमुळे तोटा होतच नाही असं मी म्हणत नाही. वजन उतरवायला गहू सोडायचा, हे मला पटत नाही. ज्याला पचतो त्याच्यासाठी गहू चांगलं अन्न आहे आणि मी तो जन्मभर दळत आलो आहे. परवा एक गृहस्थ खपली गहू घेऊन आले. म्हणाले, हा ग्लुटेन-फ्री असतो, नातीला देणार आहे. नातीला तुझाच आजार! मी दळण बाजूला ठेवलं आणि त्यांना बसवून सांगितलं की खपलीतही ग्लुटेन असतंच. अशी अर्धवट माहिती पसरते, तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. पाकिटावर ग्लुटेन-फ्री छापायचं तर किलोला 20 मिलीग्रॅमच्या आत हवं, हा नियम आहे. सुट्या पिठाला कोण विचारतं?

पण दुसरी बाजू मी रोज गिरणीत बघतो. मागच्या खोलीत आपण जी वेगळी गिरणी बसवली, तिच्यात गव्हाचा दाणा जात नाही. गहू घातलेली थालीपिठाची भाजणीही नाही. तिचा झाडू वेगळा, चाळणी वेगळी, पीठ पडतं ती कापडी बाही वेगळी. तुझ्या एकटीच्या दळणावर तिचं वीजबिलसुद्धा निघालं नसतं. तुझ्यासाठी घरात घरघंटी होतीच. दुकानात दुसरी मोटर बसवायचं धाडस मी केलं ते 2023 नंतर. ते वर्ष जगभर भरडधान्याचं वर्ष म्हणून साजरं झालं आणि बायका नाचणी, बाजरी, ज्वारी घेऊन यायला लागल्या. कुणी वजनासाठी, कुणी शुगरसाठी, कुणी शेजारणीने सांगितलं म्हणून. त्यांच्या पैशावर ती गिरणी चालते. आणि तिच्यामुळे वैरागकडचा एक माणूस महिन्यातून एकदा मोटरसायकलवर पीठ न्यायला येतो. त्याचा मुलगा पाच वर्षांचा आहे, निदान गेल्याच वर्षी झालं. तू लहान असताना आम्हाला असं पीठ तालुक्यात कुठेही मिळत नव्हतं. हौशी गिऱ्हाइकं नसती तर त्या पोरालाही मिळालं नसतं. त्यामुळे पिशवी घेऊन समोर उभ्या राहिलेल्या बाईला मी डॉक्टरची चिठ्ठी मागत नाही.

कँटीनला मात्र लेखी दे. तोंडी सांगितलेलं राहत नाही. ताट वेगळं, चमचा वेगळा, वेचून दिलेलं चालणार नाही, आणि शंका असेल तर "नाही" म्हणून सांगा, एवढं त्यात असू दे. मॅनेजरची सही घे. त्या मुलीलाही सोबत घेऊन जा. दोघी मिळून मागितलंत तर तो लवकर ऐकेल.

उद्या रविवारी तुझा मामा पुण्याला येतोय. त्याच्याबरोबर ज्वारीचं आणि बाजरीचं पीठ पाठवतो. ज्वारी आपल्या शेतातली मालदांडी आहे. आईने दाणा दाणा निवडून, धुऊन वाळवली आहे. मंगळवारी भोगी आहे, बाजरीची भाकरी तीळ लावून कर. तिळाच्या वड्याही आहेत. गूळपोळी कुणी प्रेमाने दिली तर घेऊन शेजारी देऊन टाक. हिंगाची डबी नवीन आणलीस तर मागचं बारीक अक्षर वाच, बांधणी हिंगात बहुतेक मैदा असतो. मेतकूट बाहेरचं घेऊ नकोस, त्यात गहू भाजून घालतात. आई तुझ्यासाठी तांदूळ-डाळींचं वेगळं करते आहे, ते पुढच्या खेपेला.

वर्षाची तपासणी या महिन्यात आहे, टाळू नकोस. हिमोग्लोबिन आणि टीटीजी दोन्हीचे आकडे मला फोटो काढून पाठव. आणि त्या मुलीने तपासणी केली तर तिचं काय निघालं तेही कळव.

तुझे,
आप्पा