ताई, त्या एका गुणाकाराबद्दल आभार

प्रिय ताई,

स्वतःचं काम बाजूला ठेवून त्या संध्याकाळी तुम्ही दोन तास माझ्या शेजारी बसलात. आभार तेव्हा मानायचे राहून गेले, ते आज सगळ्यांसमोर मानते.

फोटोंची यादी जरा खाली सरकवली की आमचं अँड्रॉइड ॲप बंद पडायचं. लॉगमध्ये दर वेळी तेच: आउट ऑफ मेमरी, म्हणजे मेमरी संपली. आठवडाभर मी फायली कॉम्प्रेस करत होते. ३ एमबीचा फोटो १ एमबीवर आणला, तरी क्रॅश होतच होता.

तुम्ही कोड उघडायच्या आधी विचारलंत, "फोटो किती पिक्सेलचा आहे?"

४००० बाय ३०००. माझ्याच वहीत तुम्ही गुणाकार मांडलात. १ कोटी २० लाख पिक्सेल, प्रत्येकाला ४ बाइट, म्हणजे ४८ एमबी. फाइल डिस्कवर कितीही लहान असो, दाखवण्यासाठी डिकोड झाली, म्हणजे पिक्सेलमध्ये उलगडली, की मेमरीत एवढी जागा घेणारच. आणि हे सगळं अंगठ्याएवढ्या चौकटीसाठी! तो आकडा बघून माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

मग इनजस्टडिकोडबाउंड्स ही अँड्रॉइडची सेटिंग ट्रू करून आधी फोटोची नुसती लांबी-रुंदी वाचायला लावलीत, एकही पिक्सेल न उलगडता. त्या मापावरून इनसँपलसाइझ, म्हणजे प्रत्येक बाजू किती पटीने लहान करायची तो आकडा, ८ ठेवला. फोटो ५०० बाय ३७५ झाला आणि ४८ एमबीच्या जागी पाऊण एमबी लागली. ग्लाइडसारखी फोटो दाखवणारी तयार लायब्ररी हे आपोआप करते, हे तुम्ही सगळ्यात शेवटी सांगितलंत. ते फार बरं केलंत. आधी सांगितलं असतंत तर मी ती जोडून मोकळी झाले असते आणि मेमरी कुठे जाते ते मला कधीच कळलं नसतं.

जाता जाता तुमची नजर ॲपची चित्रं ठेवायच्या आमच्या साध्या ड्रॉएबल फोल्डरवर गेली. पार्श्वभूमीचं मोठं चित्र मी तिथेच टाकलं होतं. तिथलं चित्र १६० डीपीआयचं (इंचाला १६० ठिपके) धरलं जातं, त्यामुळे ४८० डीपीआयच्या फोनवर ते दोन्ही बाजूंनी तिप्पट होतं आणि मेमरी नऊपट खातं. हे तर मी विचारलंही नव्हतं, तरी तुम्ही थांबून समजावलंत. ते चित्र आता नोडीपीआय फोल्डरमध्ये आहे, तिथे ते असं मोठं केलं जात नाही.

ज्या जुन्या फोनवर ॲप हमखास पडायचं, त्यावर काल यादी अगदी शेवटपर्यंत सरकवली आणि परत वर आणली. एकदाही अडखळली नाही. वहीचं ते पान मी जपून ठेवलं आहे.

मनापासून आभार, ताई.

तुमची,
शेजारच्या टेबलावरची सहकारी