मोडीवाल्या काकांना जाहीर थँक्यू

काका, नाव टाकत नाहीये कारण तुम्ही चिडाल, पण तुमची सून हे तुम्हाला वाचून दाखवणारच म्हणून लिहितेय.

एमए हिस्ट्री झाल्यावर दीड वर्ष मी काय काय ऐकलं ते थोडं तुम्हाला माहितीये. मामा म्हणे एमपीएससी कर नाहीतर बीएड, तिसरं असतं काय त्यात. एका करिअर काउन्सेलर बाईंना चांगले पैसे मोजले, त्यांनी लॅपटॉपमधून मान पण वर न काढता ‘स्कोप नाही’ सांगितलं. आणि आमचे एक सर, शिफारसपत्रासाठी सात चकरा मारल्या त्यांच्याकडे, त्यांना शेवटपर्यंत माझं आडनाव काही आठवलं नाही. असो.

तुमच्याकडे आले तेव्हा मला मोडी, म्हणजे जुन्या मराठी कागदांची ती लिपी, ‘येत होती’, पण पुस्तकातली. खरा कागद समोर आला की ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, शब्द तोडलेले नाहीत, अख्खी ओळ एका दमात ओढलेली. त्यात पहिल्याच आठवड्यात मी ‘सबैन’चं (सत्तर) ‘तिसैन’ (नव्वद) वाचलं आणि शुहूर सन, म्हणजे जुन्या कागदांतली अरबी शब्दांत लिहायची कालगणना, ११७७ चा (इसवी १७७६-७७) ११९७ करून पत्र १७९६ मध्ये नेऊन ठेवलं. तुम्ही ओरडला नाहीत, चष्मा कपाळावर सरकवून एवढंच विचारलंत, अगं सवाई माधवराव कधी गेले? म्हटलं १७९५. मग या पत्रात ते अजून दोन-तीन वर्षांचं लेकरू कसे? मी वीस वर्षं उडवली होती! वर तुम्हीच म्हणालात, हे तुला एमएमुळे पटकन कळलं, नुसती लिपी येणाऱ्याला नसतं कळलं.

पण थँक्यू त्याचं नाही. त्या जमिनीच्या दाव्याचं लिप्यंतर पूर्ण झालं तेव्हा पहिल्या पानावर तुमच्या नावाखाली ‘वाचन साहाय्य’ लिहून तुम्ही पेन थांबवलंत आणि विचारलंत, नाव कसं लिहितेस गं, आईचं लावतेस का? लावते. मग तिन्ही शब्द लिहिलेत, आडनावातला दीर्घ ऊ सुद्धा बरोबर, तेही जन्मभर ऱ्हस्व-दीर्घ नसलेली लिपी वाचणाऱ्या माणसानं. स्वारगेटपर्यंत बसमध्ये ती झेरॉक्स चारदा बाहेर काढली मी.

शिकवणारे खूप असतात हो, ‘आमच्याच हाताखाली तयार झाली’ म्हणणारे तर पेठेत दर दोन घरांमागे एक निघेल. कागदावर दुसऱ्याचं नाव घालायची वेळ आली की मात्र यांच्या पेनातली शाई संपते.

२०२३ ला कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली आणि मोडी वाचणारे कुठं मिळतात म्हणून सगळीकडे धावपळ, तेव्हा त्याच मामांचा फोन, आपले पण जुने कागद बघून दे ना गं. बघून दिले. चहा पण त्यांनी पाजला नाही.

सोमवारी येतेय काका. त्या इनामाच्या कागदात तिसऱ्या ओळीत तुम्ही ‘पाटील’ वाचलंय, मला तिथं वेगळंच काहीतरी दिसतंय. भांडू.