निखारे आत आणू नका

पुणे, १२ जानेवारी

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "सकाळी डोकं जड असतं, दार उघडून ओट्यावर बसलं की उतरतं." तेव्हापासून मला चैन नाही.

डिसेंबरात पंचवटीला आले तेव्हा पाहिलं होतं. अंगणात लाकडं पेटवायची, धूर निवला की निखाऱ्यांची शेगडी झोपायच्या खोलीत आणायची, खिडकी लावायची, दाराखाली गोणपाट सारायचं. धूर गेला, आता कसली भीती, असं बाबांचं म्हणणं.

बाबा, धूर निदान डोळ्यांना झोंबतो, माणूस उठून बाहेर जातो. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून घट्ट धरतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, गुंगी येते. झोपलेल्याला तर काही कळतच नाही. तुमचं डोकं बाहेर आल्यावर उतरतं, त्याचीच मला धास्ती वाटते. डॉक्टरांना शेगडीचं आठवणीने सांगा.

आणि आई, तुझा खोकला. पहाटे बंबात फुंकणी घालून तू तोंड अगदी जवळ नेतेस. मामाच्या बागेतल्या छाटणीच्या काड्या फुकट मिळतात, खरं आहे, पण द्राक्षावर किती फवारण्या होतात ते तूच पाहिलंयस. धुरातले बारीक कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढे. ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. थंडीत नदीकाठी धूर वर चढत नाही, गल्लीतच रेंगाळतो. शेजारच्या तान्ह्या बाळाच्या खोलीतही तोच शिरतो गं.

लहानपणी त्याच शेगडीवर आपण शेंगा भाजायचो, ते मी विसरलेले नाही. तिला अंगणातच राहू द्या. तिथे हवं तितकं शेका, मग निखाऱ्यांवर पाणी मारून आत या. आजीच्या दोन गोधड्या कपाटात वरच्या फळीवर आहेत, त्या काढा.

गिझर मी घेतलाय, विजेचा. गॅसचा मुद्दाम टाळला. बंद न्हाणीत त्यातूनही हाच वायू साठू शकतो. शनिवारी बसवायला माणूस येईल, वायरिंगही तोच बघेल. पैशांचं मनात आणू नका.

बाबा, आज झोपण्याआधी मला फोन करा आणि शेगडी कुठे आहे ते सांगा. मी जागी आहे.

तुमची,
ताई