सर, तुमच्या त्या 'का?' साठी

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

एफवायचा निकाल लागला. कंपल्सरी इंग्लिशचे मार्क बघून घरच्यांनी पेढे आणले. तुम्हाला फोन लावला, पण घसा दाटून आला आणि मी तो कट केला. म्हणून लिहितेय. सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुमच्यासारख्यांचं कौतुक कॉलेजच्या नोटीस बोर्डावर कधी लागत नाही.

इंग्रजी आम्हाला याआधीही शिकवलं होतं. शिकवलं म्हणजे लिहून दिलं होतं. बारावीच्या क्लासमध्ये 'माझे गाव' हा निबंध फळ्यावर यायचा, सगळी पोरं उतरवून घ्यायची आणि मग सगळ्यांच्या गावात तीच नदी, तेच देऊळ. आमच्या गावाला नदी नाही, ओढा आहे, तोही उन्हाळ्याआधीच आटतो. मी तसं म्हटलं, तर उत्तर आलं, ''पेपर तपासणारा तुझ्या गावाला येणारे का बघायला?'' वर्ग खो खो हसला. कॉलेजात आल्यावर एका मॅडमनी मराठी मिडियमवाल्यांना हात वर करायला लावले आणि सांगितलं, तुम्ही ग्रामर आणि पत्रलेखनावर भर द्या, निबंधाच्या नादी लागू नका. त्यांच्या मनात वाईट नसेलही. पण वर केलेला हात खाली घेताना जे वाटायचं ते वाटलंच.

तत्त्वज्ञान मी घेतलं ते टाइमटेबल बघून, खोटं कशाला बोलू! तास दुपारचा होता, गाडी कितीही रखडली तरी मिळायचा. तुम्ही सॉक्रेटिसपासून सुरुवात केलीत. इ.स.पूर्व 399, सत्तरीचा म्हातारा, आरोप काय तर तरुण पोरांना बिघडवलं. आणि या माणसाने स्वतः एक ओळही लिहून ठेवलेली नाही, आपल्याला कळतं ते प्लेटोसारख्यांनी लिहिलं म्हणून. लिहायचं म्हटलं की पोटात गोळा येणाऱ्या मला हे ऐकून फार बरं वाटलं होतं.

इंग्रजीचा निबंध तुम्हाला दाखवायचं खरं तर काही कारण नव्हतं. तो तुमचा विषयच नाही. तुम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसला होता, मी घाबरत घाबरत कागद पुढे केला. तुम्ही खिशातलं लाल पेन काढलं, माझ्याकडे बघितलं, पेन परत खिशात ठेवलं आणि माझी पेन्सिल मागितली. स्पेलिंगच्या चुका ढीगभर होत्या, एकीलाही हात लावला नाहीत. मधल्याच एका ओळीखाली बारीक रेघ ओढली आणि समासात मराठीत लिहिलं, 'का?'

एसटीने येणाऱ्या मुलांना पहिल्या तासाच्या हजेरीची सक्ती नको, अशी ती ओळ होती. बाकी सगळा निबंध गाइडमधला, तेवढी एक ओळ माझी. ती तुम्ही नेमकी कशी उचललीत, देव जाणे.

मग तुम्ही न्यायदर्शनातली, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या तर्कशास्त्रातली, ती पाच अवयवांची मांडणी सांगितलीत. डोंगरावर आग आहे, कारण धूर दिसतोय. जिथे धूर तिथे आग, जशी स्वयंपाकघरात. या डोंगरावरही तसाच धूर आहे. म्हणून आग आहे. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. म्हणालात, ''आता डोंगर काढ आणि तुझी एसटी घाल.'' घातली. सक्ती नको. कारण गाडी वेळेवर येणं पोरांच्या हातात नाही. जे हातात नाही त्याची शिक्षा करत नाहीत. पेपर उशिरा वाटला गेला तर वेळ वाढवूनच देतात. आमच्या गाडीचंही तसंच आहे. म्हणून सक्ती नको. हे सगळं आधी मराठीत, मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत. पण पान भरलं, आणि त्यात फळ्यावरची नदी कुठेच नव्हती.

देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाचं तुम्ही जाता जाता सांगितलेलं मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. 1637 साली त्याने आपलं पुस्तक विद्वानांच्या लॅटिनमध्ये न लिहिता फ्रेंचमध्ये लिहिलं. आणि त्यात म्हटलं की ज्याचा विचार पक्का आहे तो खेडवळ ब्रेताँ बोलीत बोलला तरी लोकांना पटवून देऊ शकतो. हे त्या हात वर करायला लावणाऱ्या मॅडमना कुणीतरी सांगायला हवं.

सर, तुम्ही तासिका तत्त्वावर आहात हे मला फार उशिरा कळलं. घेतलेल्या तासाचे पैसे, तेही कधी मिळतील तेव्हा. व्हरांड्यातला तो वेळ कुठल्या बिलात बसणार? पर्मनंट असलेल्यांना स्टाफरूमचं दार उघडायचा कंटाळा, आणि तुम्ही शेवटची गाडी चुकवून माझा उपनय तपासत बसलात. अशी माणसं असतात. आमच्या गाडीचे कंडक्टरकाका पास विसरलेल्या पोरीला कधी खाली उतरवत नाहीत, लायब्ररीतल्या ताई आमच्यासाठी कोश बाजूला काढून ठेवतात. कुणी मोठं काही करत नाही, पण यांच्याच जिवावर आमच्यासारख्या पोरी शिकतात.

धाकट्या बहिणीनेही यंदा तत्त्वज्ञान घेतलंय. ''त्यात नोकरी आहे का?'' असं काकांनी विचारलं, तर तिने उलट त्यांनाच कारण विचारलं. घरात जरा वातावरण तापलंय. नव्या वर्षाची तुमची ऑर्डर निघाली की लगेच कळवा, तिला पहिल्याच दिवशी तुमच्याकडे पाठवते.

तुमची विद्यार्थिनी