शेवटचा शब्द कोणाचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तंत्रनिकेतनाच्या संगणक प्रयोगशाळेत मी चौदा वर्षे सहायक आहे. गेल्या महिन्यात तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीचा अख्खा प्रोजेक्ट उडाला, तोही सादरीकरणाच्या आदल्या संध्याकाळी. आमच्या लिनक्स यंत्रांवर फाइल पुसण्याची ‘आरएम’ ही आज्ञा लिहिली की तिच्या जागी ‘आरएम -आय’ चालेल, असा एलियास (आज्ञेचे बदली रूप) मीच करून ठेवला होता. म्हणजे फाइल पुसण्याआधी विचारणा व्हावी. त्याच भरवशावर तिने ‘आरएम -आरएफ’ टाइप केले. विचारणा झालीच नाही. एलियासमधला ‘-आय’ म्हणतो विचार, तिच्या ‘-आरएफ’मधला ‘-एफ’ म्हणतो विचारू नको. दोन्ही आले तर पॉझिक्सच्या, म्हणजे अशा आज्ञांसाठीच्या प्रमाणकाच्या, नियमाप्रमाणे नंतरचा जिंकतो. चूक तिची की माझ्या एलियासची? मला तरी त्या रात्री झोप लागली नाही.

फाइलींचे गाठोडे करणाऱ्या ‘टार’ या आज्ञेचे तसे नाही. गाठोडे बांधायचा ‘-सी’ आणि सोडायचा ‘-एक्स’ एकदम दिले की तो सरळ नकार देतो. ‘जीसीसी’ या कंपायलरमध्ये ‘-ओ२’नंतर (प्रोग्रॅम वेगवान कर) ‘-ओ०’ (तसे करू नको) आला तर शेवटचाच धरतात, आणि तिथे ते सोयीचेही आहे. पण पुसण्याच्या कामात हा नियम मला पटत नाही.

आमची मुले पायथनमध्ये छोटी टूल्स लिहितात. असे पर्याय वाचणाऱ्या त्यातल्या ‘आर्गपार्स’ या लायब्ररीत परस्परविरोधी पर्यायांचा गट एका ओळीत करता येतो, दोन्ही दिले की प्रोग्रॅम चूक दाखवून थांबतो. ही ओळ कोणी लिहीत नाही, कारण आपण ती शिकवतच नाही. अभ्यासक्रमात यावर एखादे प्रात्यक्षिक घालावे, ही विनंती.

एलियास मी काढून टाकलाय.

– एक प्रयोगशाळा सहायक, सांगली